चिमणराव-गुंड्याभाऊंची दुसरी खेप

ठाण्याच्या तलावपाळीजवळ, संत योहान बाप्तिस्ता चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरावर आमची चाळ होती. चाळीत दूरदर्शन संच एकच. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई केंद्रावरून ‘चिमणराव’ मालिका सुरू झाली, तेव्हा त्या एका खोलीत किती माणसे मावत असत हे आज सांगूनही कोणास खरे वाटणार नाही. दिलीप प्रभावळकरांचा भित्रा, घोळ घालणारा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा भरदार गुंड्याभाऊ पडद्यावर येताच हशा उसळे. आमचे वडील मात्र पहिल्या दिवशी गप्पच होते. शेवटी ते म्हणाले, “बरे करतात पोरे. पण चिमणराव म्हणजे दामुअण्णा!”

वडिलांचे म्हणणे त्या वेळी आम्हांस म्हातारपणाचा हट्ट वाटले. पुढे जुन्या मराठी चित्रपटांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्यांची बाजू कळली.

चिं. वि. जोशी हे बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणारे विद्वान. जातककथांत रमणाऱ्या या गंभीर प्राध्यापकाने मराठीला एक अजरामर विनोदी जोडगोळी द्यावी, हा योगच म्हणायचा. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ साली पुस्तकरूपाने आले. पुणेरी पांढरपेशा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडाने, अगदी गांभीर्याने सांगतो. त्याच्या सोबतीला त्याचा दांडगा भाऊ गुंड्याभाऊ. एकाने घाबरायचे आणि दुसऱ्याने धडक द्यायची. नुकसान मात्र दोघांचे. नेमक्या याच सुमारास सातासमुद्रापलीकडे लॉरेल आणि हार्डी हे जोडपे जग हसवीत होते. त्यांना मराठी माणसाने ‘जाड्या-रड्या’ असे आपल्या घरचे नाव देऊन टाकले. चिमणराव त्यांची नक्कल नव्हे. पण किरकोळ आणि धिप्पाड, बावळा आणि आगाऊ अशी जोडी एकत्र उभी राहिली की शब्दांच्या आधीच हसू फुटते, ही गोष्ट हॉलिवूडला जशी ठाऊक होती तशीच सदाशिव पेठेलाही ठाऊक होती.

१९४० मध्ये नवयुग चित्रपट संस्थेसाठी मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ काढला. कथा स्वतः जोश्यांची. चिमीसाठी वर शोधताना होणारी ओढाताण हा विषय. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. ही दोघे काही नवखी नव्हती. आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८) प्रेक्षकांनी त्यांना पाहिले होते. कल्याणच्या रंगमंदिराला ज्यांचे नाव आहे तेच हे अत्रे. दामुअण्णांच्या डोळ्यांत तिरळेपणा होता. दुसऱ्या एखाद्याने तो लपविला असता; त्यांनी त्याचेच भांडवल केले. १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ आला आणि जोडी पुन्हा हसवून गेली.

मग जवळजवळ पस्तीस वर्षांचे अंतर. या काळात जुने चित्रपट क्वचित कोठे लागत. घरी आणून पुन्हा पाहण्याची सोय तर नव्हतीच. आमच्या मते दुसऱ्या खेपेचे यश येथेच आहे. प्रभावळकर आणि कर्वे यांनी दामुअण्णा-जोगांची नक्कल केली नाही. त्यांचा चिमणराव तिरळा नव्हता आणि तो तसा असण्याची गरजही नव्हती. कारण चिमणरावाचा भित्रेपणा डोळ्यांत नसून जोश्यांच्या वाक्यांत आहे. मालिकेची लोकप्रियता एवढी की १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही निघाला. खरे सांगायचे तर घरच्या लहान पडद्यावर जी ऊब होती ती आम्हांस चित्रपटगृहात तितकीशी जाणवली नाही. चिमणराव हा शेजारी म्हणून शोभतो.

परदेशातही हे प्रयोग झाले. २०१२ मध्ये फॅरेली बंधूंनी ‘द थ्री स्टूजेस’ पुन्हा पडद्यावर आणले. ही जोडी नव्हे, त्रिकूट. पण जात तीच. नव्या नटांनी जुन्या चापट्या, जुने आवाज जसेच्या तसे गिरविले. चित्रपटातील अनाथालय धर्मभगिनींचे दाखविले होते आणि त्यांतील एका भगिनीला पोहण्याच्या वेषात उभे केले होते. अमेरिकेतील कॅथलिक लीगने त्यावर आक्षेप घेतला. आमची तक्रार थोडी वेगळी आहे. धर्मभगिनींवर विनोद करू नये असे नाही. त्यांच्या शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी कोणी तो केला नाही? पण तो विनोद ओळखीतून यावा लागतो आणि येथे तो केवळ डिवचण्यासाठी होता.

याउलट २०१८ चा ‘स्टॅन अँड ऑली’. त्यात स्टीव्ह कूगन आणि जॉन सी. रायली यांनी लॉरेल-हार्डीच्या उतारवयातील, १९५३ च्या दौऱ्याची गोष्ट मांडली. त्या वर्षी हे दोघे आयर्लंडच्या कोव बंदरात उतरले, तेव्हा तेथील संत कोल्मन कॅथेड्रलच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची परिचयधून वाजविण्यात आली होती. एका कॅथलिक गावाने दोन थकलेल्या विदूषकांचे असे स्वागत करावे, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते. १९५७ मध्ये हार्डी गेले. त्यानंतर लॉरेल आठ वर्षे जगले, पण पुन्हा रंगमंचावर वा पडद्यावर आले नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे वारले. त्याच वर्षी नाताळच्या मेळाव्यासाठी डोंबिवलीतील आमच्या ओळखीच्या तरुणांनी चिमणरावाचा एक प्रवेश बसविला. तालमीला आम्ही गेलो होतो. चिमणराव झालेला मुलगा हुबेहूब प्रभावळकरांच्या आवाजात बोलत होता; मोबाइलवर पाहून त्याने तो घोटला होता. तोंडातून “हा नव्हे!” असे निघणार, इतक्यात वडील आठवले आणि आम्ही जीभ चावली. घरी आलो, कपाटातले ‘चऱ्हाट’ शोधून काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती दिले. पुस्तक अजून परत आलेले नाही.