अकबराचा मांसत्याग व ‘सूफियाना’ शब्द

अकबर बादशहानें उत्तरवयांत मांसाशन बरेंच सोडलें होतें, ही गोष्ट फारसी व संस्कृत अशा दोन्ही साधनांवरून सिद्ध आहे. वाद आहे तो कारणाविषयीं. जैन ग्रंथकार त्याचें सर्व श्रेय आपल्या आचार्यांस देतात. मुल्ला बदाऊनी त्याच गोष्टींत बादशहाची धर्मच्युति पाहतो. दोहोंच्या मुळाशीं गृहीत एकच कीं, मांसत्याग ही इस्लामास सर्वस्वीं परकी वस्तु आहे. तें गृहीत कितपत टिकतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आम्ही कादंबरी शिकलों व पुढें शिकविली ती निर्णयसागर छापखान्याच्या प्रतीवरून. तींतील टीका भानुचंद्र व सिद्धिचंद्र या, अकबराच्या दरबारीं वावरलेल्या, जैन साधूंची. त्यामुळें जैन पक्षाकडे आमचा ओढा स्वाभाविक होता, व वर्गांतही आम्ही तेंच सांगत आलों. आज तें मत अंशतः मागें घेणें भाग आहे.

जैन पक्षाचें बळ थोडें नाहीं. हीरविजयसूरि इ. स. १५८३ मध्यें फत्तेपूर सीक्री येथें आले व त्यांस जगद्गुरु ही पदवी मिळाली. पर्युषणाचे ८ दिवस हिंसाबंदी मागितली असतां बादशहानें स्वतःचे ४ मिळवून १२ दिवस दिले, असें त्या संप्रदायाचे ग्रंथ सांगतात. पद्मसागराचें जगद्गुरुकाव्य, देवविमलाचें हीरसौभाग्य व शांतिचंद्राचा कृपारसकोश हीं काव्यें या प्रसंगाभोंवतींच फिरतात. ऐन-ई-अकबरींतील विद्वानांच्या यादींतही हीरविजय पहिल्या वर्गांत आहेत. तथापि चरितकाव्यांत जें जें शुभ तें तें गुरूच्या पदरीं घालण्याची रीतच आहे, हें विसरतां कामा नये.

कालक्रम पाहूं. इ. स. १५७८ मध्यें पंजाबांत भेऱ्यानजीक कमर्घा शिकारीसाठीं जनावरें चोहोंकडून कोंडून आणलीं असतां अकबरानें एकाएकीं शिकार थांबवून तीं सोडून दिलीं. ही गोष्ट हीरविजयांच्या आगमनापूर्वीं ५ वर्षांची आहे. जैन पंडित दरबारांत त्याआधींही येत जात, म्हणून एवढ्यावरून निर्णय होत नाहीं. पण शंकेस जागा होते.

या शंकेस आधार देणारा पुरावा मुदपाकखान्यांत सांपडतो. ऐनमध्यें अबुल फजलानें पक्वान्नांचे ३ वर्ग केले असून पहिला वर्ग मांसरहित पदार्थांचा आहे. त्यांत खिचडी येते, व तिचें प्रमाण डाळ, तांदूळ आणि तूप प्रत्येकीं ५ शेर असें दिलें आहे. या वर्गास त्या काळीं ‘सूफियाना’ म्हणत, असें तो लिहितो. बादशहाच्या मांसवर्ज्य दिवसांचें प्रकरणही याच नांवाचें आहे. त्यांत रविवार, ग्रहणाचे दिवस, फर्वर्दीन व आबान हे दोन महिने इत्यादि गणना आहे. शब्दावरून उगम सिद्ध होत नाहीं हें खरें. परंतु दरबारानें या व्रतास नांव दिलें तें यतींचें नव्हे, सूफींचें दिलें, एवढें त्यावरून निश्चित होतें.

हें नांव निराधारही नव्हतें. ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांचे शिष्य हमीदुद्दीन नागौरी (मृत्यु इ. स. १२७४) नागौरजवळच्या सुवाल गांवीं अल्पशी जमीन कसून राहत. ते मांस खात नसत. आपल्या पश्चात् आपल्या नांवें मांसान्न वांटूं नये, असेंही त्यांचें सांगणें होतें. अकबराच्या आधीं ३०० वर्षें असा मनुष्य मुसलमान संतमालिकेंत आदरानें बसला आहे.

मग बदाऊनीचा रोष कशावर? कुराणानें कांहीं पशूंचें मांस विहित केलें, मृत मांस, रक्त व डुकराचें मांस निषिद्ध केलें, आणि ईश्वरानें विहित केलेलें निषिद्ध ठरवूं नका, असेंही पांचव्या अध्यायांत बजावलें. म्हणजे विहित मांस न खाणारा दोषी नाहीं. तें निषिद्ध ठरविणारा दोषी. निवृत्ति व निषेध हा भेद आपल्या धर्मशास्त्रांसही नवा नाहीं. हमीदुद्दीनांची निवृत्ति होती. अकबरानें ठराविक दिवशीं पशुवध बंद केला, तेव्हां निषेध सुरू झाला. बदाऊनी तक्रार करतो ती मुख्यतः येथें. जहांगिरानेंही इ. स. १६०५ मध्यें गुरुवार व रविवार या दिवशीं वध मना केला.

आमचा निष्कर्ष असा: बादशहाच्या स्वतःच्या त्यागास सूफी परंपरेंत आधार होता, त्या त्यागाची राज्यभर अमारि-घोषणा झाली, तींत जैन आचार्यांचा वांटा मोठा. एकाच श्रेयासाठीं भांडणारे पक्ष वस्तुतः दोन निराळ्या गोष्टींविषयीं बोलत आहेत.

संग्राहकांस एक विनंति. जुन्या दप्तरांत फारसी पाकविधीचीं किंवा कोठीच्या खर्चाचीं पानें आलीं, तर क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. काव्यांनीं व तवारिखांनीं जें झांकलें, तें येथें खिचडीच्या कृतीजवळच्या एका शब्दानें उघड केलें आहे.