रिकामा रस्ता आणि काळी काच

मागच्या महिन्यात मी फोनवर लावायचा एनडी फिल्टर घेतला. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. साधी काळपट काच, रंग न बदलता फक्त उजेड कमी करणारी. (स्वस्तातली असली की रंगही बदलते. माझी जरा लालसर मारते, असो.) तिचा नाद लागला तो एका जुन्या फोटोमुळे.

१८३८, पॅरिस. लुई दागेरनं उंचावरच्या खिडकीतून 'बुलेव्हार द्यू ताँप्ल' या रस्त्याचा फोटो काढला. दिवसाउजेडी, माणसं आणि घोडागाड्यांनी वाहता रस्ता. आणि फोटोत? शुकशुकाट! कारण चांदीचा मुलामा दिलेल्या त्याच्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. चालणारा माणूस उमटायच्या आधीच पुढे गेलेला असायचा.

डावीकडे खाली मात्र एकजण दिसतो. बूट पॉलिश करून घेत उभा आहे. थांबला म्हणून टिकला. आज माहीत असलेल्या फोटोंमधला पहिला माणूस तोच मानतात. १८३९ मध्ये टेलिग्राफवाल्या सॅम्युएल मोर्सनं दागेरचं काम पाहिलं, तेव्हा पत्रात या बूटवाल्याबद्दल आवर्जून लिहिलं.

आता गंमत बघा. दागेरचा तो बग आपण फीचर म्हणून विकत घेतो! एनडी १००० म्हणजे दहा स्टॉप. दर स्टॉपला उजेड निम्मा, दहा वेळा निम्मा केला की उरतो १०२४ वा भाग. (किलोबाइट आठवला ना?) म्हणजे १/१२५ सेकंदाचा फोटो थेट ८ सेकंदांचा होतो. धबधबा दुधासारखा, गर्दी गायब.

पण मला खुपतं ते वेगळंच. बूट पुढे करून उभं असलेलं गिऱ्हाईक ओळखू येतं, पण पॉलिश करणारा धूसर आहे, कारण तो हलत होता. काम करत होता ना! नाव दोघांचंही कोणाला माहीत नाही.

गेल्या रविवारी मी आमच्या मंडईत ट्रायपॉड लावून ८ सेकंदांचा फोटो काढला. गिऱ्हाईकं विरून गेली, भाजीचे ढीग अगदी लख्ख आले. भाजीवाल्या मावशींना दाखवला. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली नि म्हणाल्या, "अरे, तराजू दिसतोय, माझे हात कुठायत?"