मोजणीच्या रेषा आणि आमची वसई

संत लूकच्या शुभवर्तमानातील नाताळची कथा एका नावनोंदणीने सुरू होते. रोमच्या सम्राटाचा हुकूम निघाला आणि योसेफ व मरिया यांना नाझरेथहून बेथलेहेमची वाट धरावी लागली; कारण योसेफची नोंद राहत्या गावी नव्हे, तर पूर्वजांच्या गावी व्हायची होती. माणसाला कोणत्या गावचा म्हणून मोजावे, हा प्रश्न इतका जुना आहे. महानगराच्या सावलीत वाढलेल्या आम्हा वसईकरांना तो परका नाही.

स्वतंत्र भारताच्या जनगणनेने १९६१ साली शहर ओळखण्याच्या कसोट्या ठरविल्या. नगरपालिका नसली तरी जेथे किमान ५,००० लोकवस्ती आहे, चौरस किलोमीटरला सुमारे ४०० माणसांची दाटी आहे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात आहेत, ते गाव जनगणनेच्या लेखी शहर होते. थोड्याफार फरकाने याच कसोट्या पुढेही चालू राहिल्या.

यातील 'पुरुष' हा शब्द आम्ही विसरू नये. आमच्याकडे बाप्ये सकाळच्या लोकलने मुंबईला नोकरीस गेले, तेव्हा वाडी शिंपली ती बायकांनी; भाजी आणि फुलांच्या पाट्या मुंबईच्या बाजारात नेल्या त्याही त्यांनीच. पण गाव की शहर हे ठरविताना त्यांचे श्रम हिशेबात धरलेच जात नाहीत. वाडी हिरवी असूनही गाव कागदावर शहर होऊ शकते, ते असे.

शेजारची शहरे एकत्र मोजण्याचीही अशीच रीत आहे. १९६१ मध्ये त्यासाठी 'नगरसमूह' ही कल्पना होती. १९७१ पासून 'नागरी समूह' आला. सलग पसरलेली नागरी वस्ती ही त्याची मुख्य अट. २०११ च्या गणनेत बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १,८३,९४,९१२ भरली. त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर आले. खाडीपलीकडचे वसई-विरार मात्र १२,२२,३९० वस्तीचे निराळे शहर म्हणून नोंदले गेले. भिवंडीही वेगळी राहिली.

उलट १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नकाशात वसई आहे. म्हणजे योजनेत आम्ही मुंबईचे, गणतीत मुंबईबाहेरचे. यात कोणी खोटे बोलत नाही. एक रेषा वस्तीची सलगता पाहते, दुसरी रस्ते-पाण्याचे नियोजन. ख्रिस्तसभेनेही आपली रेषा आखली: २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि ठाणे जिल्हाही मागे पडला.

रेषा आखणे आमच्या हाती नाही. पण त्यांच्या आत काय लिहिले जाते, ते काही अंशी आहे. १ मार्च २०२७ या संदर्भदिनाच्या जनगणनेसाठी प्रगणक दाराशी येईल, तेव्हा पहाटेपासून वाडीत राबणाऱ्या आईचे काम 'घरकाम' म्हणून सांगून मोकळे होऊ नये. ती शेतकरी आहे, असे आम्ही स्पष्ट सांगावे. शहराच्या कसोटीत तिला जागा नसली, तरी नोंदीत ती असली पाहिजे. तेवढे सत्य तरी आमच्या घरातून जावे.