जिवाणू रोग कसा निर्माण करतात : पटकीचे उदाहरण

जिवाणू हे एकपेशीय सजीव असून त्यांच्या पेशीत स्पष्ट केंद्रक नसते. बहुतेकांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक ते पाच पट भरते. ते द्विभाजनाने वाढतात. अनुकूल परिस्थितीत मोठ्या आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला मात्र त्यासाठी १५ ते २० तास लागतात.

बहुसंख्य जिवाणू मनुष्याला अपाय करीत नाहीत. दूध विरजते ते जिवाणूंमुळेच. निरोगी शरीरातील जिवाणूंची संख्या त्याच्या स्वतःच्या पेशींच्या संख्येइतकीच असावी, असा अंदाज २०१६ साली मांडण्यात आला. तेव्हा 'जंतू म्हणजे रोग' हे समीकरण बरोबर नाही. रोगकारक जिवाणूंजवळ काही विशेष साधने असतात. ती कोणती, हे पटकीच्या (कॉलरा) उदाहरणावरून उत्तम कळते, आणि या संशोधनाचा मोठा भाग भारतातच घडला आहे.

पटकीचा जिवाणू इटालियन शास्त्रज्ञ फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्येच पाहिला होता. परंतु त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमधील तपासानंतर कलकत्त्यास येऊन १८८४ मध्ये स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जिवाणू वेगळा केला. तेथील एका तलावाच्या पाण्यातही तो त्यांना आढळला. तथापि, प्राण्यांमध्ये हा रोग घडवून आणणे त्यांना जमले नाही व विरोधकांना आक्षेपास जागा उरली. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी तर १८९२ मध्ये या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन दाखविले. त्यांना अतिसारावर निभावले. त्यांचे मत मात्र बदलले नाही.

हा जिवाणू दूषित पाणी वा अन्नावाटे पोटात जातो. जठरातील आम्लात बहुतेक जिवाणू मरतात, म्हणून लागण होण्यास ते मोठ्या संख्येने जावे लागतात. वाचलेले जिवाणू शेपटीसारख्या कशाभिकेच्या साहाय्याने लहान आतड्यात पोहोचतात आणि सूक्ष्म तंतूंनी अस्तराला चिकटतात. येथून पुढे काय होते, हे कॉख यांच्यानंतर पाऊणशे वर्षे स्पष्ट नव्हते. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये जिवाणू गाळून काढलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. जिवाणू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. रोगाचे कारण जिवाणूने बाहेर टाकलेले विष आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. शोधाच्या मानाने डे यांचे नाव आजही फारसे ऐकू येत नाही, ही खेदाची बाब होय.

या विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीला चिकटतो व दुसरा आत शिरतो. त्यामुळे पेशी क्लोराइड सतत बाहेर टाकू लागते आणि त्यामागोमाग पाणी वाहते. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. विशेष म्हणजे, जिवाणू रक्तात शिरत नाही, आतड्याला जखमही करीत नाही. रोगी दगावतो तो पाणी व क्षार गमावल्याने. या विषाची जनुके जिवाणूची मूळची नाहीत, तर त्याला लागण करणाऱ्या एका विषाणूकडून आलेली आहेत, हे १९९६ मध्ये दिसून आले.

आतड्याची एक यंत्रणा मात्र या विषाने बिघडत नाही. ग्लुकोज व सोडियम एकत्र आत घेण्याचे तिचे काम चालूच राहते आणि त्यांच्याबरोबर पाणीही शोषले जाते. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रोग्यांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

सर्वच जिवाणू असे विषावर विसंबत नाहीत. क्षयाचा जिवाणू, त्याला गिळणाऱ्या संरक्षक पेशींतच तळ ठोकतो. फुप्फुसाची बरीचशी हानी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून होते.