वादळात लाईट गेली? मोबाईलवरून तक्रार अशी नोंदवा

वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडली की लाईट जातेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तर रायगडमध्ये विजेचे खांबच आडवे झाले होते. अशा वेळी महावितरणच्या ग्राहकांनी काय करायचं ते बघूया.

१. वीजबिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक तक्रारीसाठी लागतो. मी बिलाचा फोटो गॅलरीतच ठेवतो; नेट गेलं तरी तो सापडतो.

२. आधी घरातला एमसीबी बघा, शेजारी विचारा. सगळ्या गल्लीत अंधार असेल तर तसं सांगा.

३. १९१२ या टोल फ्री नंबरवर कॉल करा किंवा महावितरणच्या ॲपवर तक्रार टाका. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

४. तार तुटून पडली असेल तर ते सर्वात आधी सांगा. लाईट गेली म्हणजे तारेत करंट नाही, असं समजू नका. फोटो काढायलाही जवळ जाऊ नका. लांबूनच जवळची खूण सांगा: डीपी, देऊळ, शाळा.

५. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आजूबाजूला वीज पडत असल्याचा इशारा देतं. त्यासाठी लोकेशन चालू ठेवा.

आभाळ भरून आलं की मी आधी फोन चार्जिंगला लावतो. तुम्हीही लावा, कारण बॅटरी संपली तर तक्रार करणार कशी?