उतारावरील गतिनियंत्रण, जड मालवाहनांचे

भरलेला डिझेल ट्रक घाट उतरत असताना त्याचा वेग काबूत ठेवण्याची साधने व पद्धती. वाहन थांबवणे आणि उतारावर त्याचा वेग धरून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम चाकांवरच्या ब्रेकचे, दुसरे मुख्यतः इंजिनाचे. आणि हे दुसरे काम साधणार की नाही ते घाटमाथ्यावर गिअर निवडतानाच ठरते. घाटातील अपघातानंतर ‘ब्रेक फेल’ हे कारण सर्रास सांगितले जाते. तांत्रिक अंगाने पाहता ते पुष्कळदा कारण नसून आधीच्या चुकीचा परिणाम असते.

उष्णतेचा हिशेब : उतरताना गमावलेल्या उंचीची ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते. इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशिम) हा पठारी मुलूख. या भागातून सोयाबीन भरून वाशिममार्गे अकोल्याला निघालेला ट्रक वाशिमच्या सुमारे 550 मीटर उंचीवरून अकोल्याच्या सुमारे 280 मीटरवर येतो, आणि वाटेत पातूरचा घाट लागतो. बोरघाटात लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना 500 मीटरहून अधिक उंची जाते. ट्रकचे एकूण वजन 40 टन धरले, तर 500 मीटरच्या उतरणीत सुमारे 54 युनिट विजेइतकी ऊर्जा बाहेर पडते. शेकडा 5 उतारावर ताशी 40 कि.मी. वेग स्थिर ठेवायचा तर टायरांचा रोध वजा जाता सुमारे 185 किलोवॉट शक्ती सतत जिरवावी लागते. वेग निम्मा केला की ही गरजही जवळपास निम्मी होते. हे सारे ब्रेकवर टाकले तर ड्रम तापून फुगतो व लायनरपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षण घटते आणि पेडल पूर्ण दाबूनही पकड मिळत नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेडल पुनःपुन्हा मारल्याने टाकीतली हवाही उतरते. ड्रम थंड झाल्यावर तेच ब्रेक पुष्कळसे पूर्ववत होतात, म्हणून अपघातानंतरच्या तपासणीत दोष सापडेलच असे नाही.

इंजिनाचा रोध : पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट आवळली जाते आणि त्या ओढीने इंजिन रोध करते. डिझेल इंजिनात अशी झडप मुळात नसते. सिलिंडरमध्ये भरपूर हवा येते, ती दाबण्यात खर्च झालेली ऊर्जा पिस्टन खाली जाताना बरीचशी परत मिळते. त्यामुळे नुसत्या डिझेल इंजिनाचा रोध तुलनेने कमी असतो आणि त्याला जोड द्यावी लागते. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये धुराच्या नळीतील झडप मिटून इंजिनाला दाबाविरुद्ध काम करायला लावतात. दुसऱ्या प्रकारात दाबलेली हवा ऐन वेळी सोडून दिली जाते, म्हणजे तिची ऊर्जा पिस्टनला परत मिळत नाही. ही कल्पना अमेरिकी डिझेल अभियंता क्लेसी कमिन्स यांची. 1931 मध्ये कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरताना त्यांचा ट्रक जवळजवळ हाताबाहेर गेला होता. जेकब्ज कंपनीने हा ब्रेक 1961 मध्ये बाजारात आणला. या सर्व साधनांचा रोध इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, म्हणून खालचा गिअर आवश्यक ठरतो. ‘ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे’ हा जुना दंडक कमी ताकदीच्या ट्रकांच्या काळातला आहे. आजचे इंजिन तोच चढ वरच्या गिअरमध्ये चढते, तेव्हा उतरताना त्याहून खालचा गिअर लागतो.

रिटार्डर : द्रवाच्या किंवा विद्युतचुंबकाच्या रोधाने प्रेषणदंडाची गती मंदावणारे साधन.

न्यूट्रलचा प्रश्न : उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, हा समज वाहतूक व्यवसायात रुजलेला आहे. सौम्य, लांब उतारावर गाडी मोकळी सोडल्यास ती गिअरमधल्या गाडीपेक्षा दूरवर घरंगळते, एवढे त्यात तथ्य आहे. पण घाटात वेग वाढवायचा नसून रोखायचा असतो. ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली तर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा बंद राहतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतेच. म्हणजे तीव्र उतारावर बचतीचा दावा उलटाच पडतो. इंजिन बंद केले तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जाते, आणि वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ मालवाहनाने अनेक वाहनांना ठोकरले. पहिल्या वृत्तांत 48 वाहनांचा आकडा आला होता. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून येणाऱ्या उतारावर चालकाने इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद ठेवल्याचे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. तेथील रस्त्याच्या आखणीचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

आक्षेप : सगळा दोष चालकावर ढकलला जातो, ही तक्रार अंशतः रास्त आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील भारमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. भार वाढला की जिरवायची उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. देखभालीतील हयगय आणि जादा माल हे मालकाचे निर्णय असतात. तरीही गिअरचे महत्त्व कमी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियम क्र. 13 मध्ये भरलेले वाहन शेकडा 6 उतारावर ताशी 30 कि.मी. वेगाने 6 कि.मी. उतरण्याइतक्या भाराची चाचणी आहे, आणि तीत योग्य गिअर टाकलेला असणे गृहीत धरले आहे. त्या अंतरात उंची 360 मीटर घटते. बोरघाट त्याहून खोल आहे. चाचणी उत्तीर्ण झालेले ब्रेकही न्यूट्रलमधल्या ट्रकची हमी देत नाहीत.

रेल्वेची तुलना : बोरघाटाचा रेल्वेमार्ग 1863 मध्ये व थळघाटाचा 1865 मध्ये खुला झाला, दोहोंचा तीव्रतम उतार 37 ला 1, म्हणजे शेकडा 2.7. रस्त्याच्या मानाने हा उतार सौम्य असूनही रेल्वेने चालकाच्या सावधपणावर सर्व भिस्त ठेवली नाही. उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबून काबूत असल्याचे दाखवते, तेव्हाच तिला पुढचा मार्ग मिळतो. बेकाबू गाडी चढणीच्या बाजूमार्गावर, म्हणजे कॅच सायडिंगवर वळते. रस्त्यावर याच्या जवळचा उपाय म्हणजे खडी भरलेली सुटकेची मार्गिका आणि घाटमाथ्यावरचा सक्तीचा थांबा.

नवे मार्ग : समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे 8 कि.मी. लांबीच्या जुळ्या बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणे टळली. मात्र मुंबईला जाणाऱ्या वऱ्हाडातील मालाला सह्याद्रीची उंची उतरावीच लागते, आणि सरळ रस्त्यावर वेग वाढलेला लक्षात यायला उशीर होतो. उतार कोणताही असो, गिअर माथ्यावरच खाली घ्यावा आणि ब्रेक अडीअडचणीसाठी थंड राखावेत.