गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे

घरांचा वाद निघाला की ‘दोघांनीही थोडे थोडे सोडावे’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. आम्ही कामगार संघटनेची माणसे. तडजोडी करण्यातच आमचे आयुष्य गेले. म्हणून आम्ही आधी विचारतो, सोडायचे ते किती, आणि मोजायचे कोणत्या मापाने? मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप विरला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि भर शहरातील जवळजवळ ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. मालकाला ती विकायची होती, कामगाराला थकलेली देणी व घर हवे होते, नागरिकाला मैदान हवे होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिघांनाही एका पंक्तीला बसविले. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला.

तोडगा न्यायाचा होता. परंतु बहुतेक मालक पुढे येईनात, आणि जमिनी तशाच पडून राहिल्या. २००१ साली नियम बदलला. वाटे तीनच राहिले. बदलला तो ‘जमीन’ या शब्दाचा अर्थ. वाटणी आता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. इमारती व शेड यांखालची जागा वाटणीबाहेर. हिशेब करून पाहा. ३० एकरांच्या गिरणीत मोकळे ६ एकरच असतील, तर जेथे बागेला १० आणि घरांना १० एकर मिळायचे, तेथे आता दोन-दोन!

पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी न्यायालयात दाद मागितली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कामगारांनी मात्र घराची मागणी सोडली नाही, आणि २०१२ साली म्हाडाने त्यांच्यासाठी घरांची पहिली मोठी सोडत काढली. तरी मागणारे फार, घरे थोडी.

बाग मागणारा आणि घर मागणारा एकमेकांना आडवे जातात, असे गावोगाव दिसते. येथे तर दोघांचेही वाटे एकाच दुरुस्तीने आटले. म्हणजे त्यांचे हित एकच होते. उद्या आपल्या नगरपालिकेत असा वाद आला, तर मने जुळण्याची वाट पाहत बसू नये. वाटा कशाचा, किती आणि मोजणार कोण, एवढे दोघांनी मिळून आधी लिहून घ्यावे. आणि त्या कागदातला शब्द कोणी बदलू लागला, तर दोघांनी मिळूनच उभे राहावे.